हिमातली गाडी आणि दोन गुणांचे उत्तर

'शास्त्रीय कारण लिहा : रणगाड्याला चाकांऐवजी पट्टे असतात.' दाबाचा पाठ शिकवणाऱ्या शिक्षकांनी हा प्रश्न किंवा त्याचा एखादा भाऊबंद कधी ना कधी घातलेला असतो. अपेक्षित उत्तरही ठरलेले असते. दाब म्हणजे एकक क्षेत्रफळावरील बल. पट्ट्यांमुळे क्षेत्रफळ वाढते, म्हणून दाब कमी होतो आणि रणगाडा जमिनीत रुतत नाही. दोन मुद्दे, दोन गुण. उंटाचे पसरट पाऊल, रुळांखालचे स्लीपर, दप्तराचा रुंद पट्टा आणि बर्फाळ प्रदेशातल्या पट्टेवाल्या गाड्या ही सारी उदाहरणे त्याच एका ओळीत बसवली जातात.

या उत्तरात चूक नाही. तक्रार वेगळी आहे. हे उत्तर अर्धे आहे आणि आपण ते पूर्ण म्हणून शिकवतो. भागाकार केला की विषय संपला, असे विद्यार्थ्याला वाटते आणि त्यापुढची शंका विचारणारा 'फाटे फोडणारा' ठरतो. खोल हिमातून जाणाऱ्या गाडीचे उदाहरण नीट तपासले, तर हे उत्तर कुठे पुरते आणि कुठे तोकडे पडते ते स्पष्ट दिसते. म्हणून ते येथे तपासायला घेतले आहे.

आधी शब्दांचा एक खुलासा. आकाशातून भुरभुरत पडते ते 'हिम' आणि पाणी गोठून होतो तो घट्ट 'बर्फ', असा फरक या लेखात केला आहे. रोजच्या बोलण्यात आपण दोन्हींना बर्फच म्हणतो. पण पट्ट्यांच्या गाडीला हे दोन अगदी भिन्न पृष्ठभाग आहेत.

आधी उत्तराची बाजू

सूत्राची ताकद आकड्यांनी पटते. ६० किलो वजनाच्या माणसाच्या दोन्ही बुटांचे तळवे मिळून सुमारे ४०० चौ. सें.मी. जमीन व्यापतात. म्हणजे उभे असताना दाब दर चौ. सें.मी.ला ०.१५ किलो. चालताना एक पाय उचललेला असतो, तेव्हा तो दुप्पट, म्हणजे ०.३ होतो. (येथे किलो म्हणजे किलोग्रॅम-भार. न्यूटनमध्ये हवे असल्यास सुमारे १० ने गुणावे.) मोटारीचे टायर जमिनीवर साधारणपणे आतल्या हवेच्या दाबाइतकाच दाब देतात, म्हणजे सुमारे २ किलो.

आता पॅटन रणगाडा घेऊ. वजन सुमारे ४५ टन. प्रत्येक पट्टा ७१ सें.मी. रुंद आणि त्याचा जमिनीला टेकलेला भाग सुमारे ४ मीटर लांब. दोन पट्ट्यांचे क्षेत्रफळ ५६,८०० चौ. सें.मी. भागाकार केला की दाब येतो सुमारे ०.८ किलो. पंचेचाळीस टनांचा रणगाडा एक टनाच्या मोटारीपेक्षा जमिनीला हलका लागतो! हे उदाहरण मुलांना आवडते आणि ते आवडावे असेच आहे. पुण्याहून सुमारे १२० किलोमीटरवर, पूर्वीच्या अहमदनगरला म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, रणगाड्यांचे संग्रहालय आहे. तेथे सहल नेली तर मोजपट्टी घेऊन हा हिशेब प्रत्यक्ष करता येतो.

पॅटन मग रुतले कसे?

याच पॅटनची दुसरी गोष्टही मुलांना ठाऊक असते. सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबातील खेमकरण भागात असल उत्तर येथे पाकिस्तानचे पॅटन रणगाडे मोठ्या संख्येने नष्ट झाले किंवा हाती लागले. हवालदार अब्दुल हमीद यांचे शौर्य आणि आपल्या तोफचींची नेमबाजी ही त्याची मोठी कारणे. पण आणखी एक कारण जमिनीत होते. उसाच्या शेतांत पाणी सोडले गेले होते आणि पॅटन त्या चिखलात रुतले.

पट्टे तेच, वजन तेच, क्षेत्रफळ तेच. दाब आदल्या दिवशी ०.८ होता, त्या दिवशीही ०.८ च होता. मग रुतले कसे? दोन गुणांच्या उत्तराला याचे स्पष्टीकरण देता येत नाही, कारण त्यात जमीन कुठे येतच नाही. दाब हा गाडीचा हिशेब आहे. रुतणे मात्र गाडी आणि जमीन या दोघांवर अवलंबून असते. कोरड्या मातीची भार पेलण्याची ताकद ०.८ पेक्षा बरीच जास्त असते. पाण्याने भिजल्यावर ती घटली आणि दाबाखाली आली, एवढाच फरक.

म्हणजे 'दाब कमी होतो, म्हणून रुतत नाही' या वाक्यातील 'म्हणून' हा शब्द एक पायरी गाळून जातो. दाब कशापेक्षा कमी, ते सांगितल्याशिवाय निष्कर्ष निघत नाही.

माणूस हिमात का बुडतो?

हीच पायरी हिमाच्या उदाहरणात फार महाग पडते. चालणाऱ्या माणसाचा दाब ०.३ आणि रणगाड्याचा ०.८ हे आपण वर पाहिले. ताज्या हिमात साध्या बुटांनी चालणारा माणूस गुडघ्यापर्यंत, कधी मांडीपर्यंत बुडतो. मग त्याच्या अडीचपट दाब देणारा रणगाडा तेथे काय करील? रणगाड्याचे पट्टे खोल हिमासाठी केलेलेच नसतात. हिमगाडीचा दाब दर चौ. सें.मी.ला अवघा ५० ते ६० ग्रॅम, म्हणजे रणगाड्याच्या सुमारे पंधराव्या हिश्शाइतका ठेवावा लागतो. दोन्ही गाड्यांना पट्टे आहेत एवढ्यावरून त्यांना एका ओळीत बसवणे म्हणजे दिसण्यावरून वर्गीकरण करणे होय.

तरी ही हिमगाडीसुद्धा थोडी खाली जातेच, कारण हिम घन पदार्थासारखे वागत नाही. ताज्या हिमाच्या एका घनमीटरचे वजन ५० ते १०० किलो असते. वाऱ्याने दाबून बसलेले हिम ३०० ते ४०० किलो भरते आणि घट्ट बर्फ ९१७ किलो. म्हणजे ताजे हिम हे पिंजलेल्या कापसासारखे मुख्यतः हवेनेच भरलेले असते. त्यावर भार आला की ते दबते आणि दबताना घट्ट होत जाते. भार पेलण्याइतका घट्ट थर तयार झाला की गाडी खाली जायची थांबते. त्यामुळे 'रुतते की रुतत नाही' हा प्रश्नच बरोबर नाही. 'किती खोल गेल्यावर थांबते' असे विचारायला हवे.

गाडी उभी असेल तर ती एकदाच खाली बसते. चालू लागली की पुढच्या प्रत्येक मीटरवर तिला नवे हिम दाबावे लागते. दाबणे म्हणजे कार्य आणि त्या कार्याची ऊर्जा इंजिनातून येते. मऊ हिमात गाडी सतत चढावर असल्यासारखी चालते. ती फार खोल गेली तर तिचे पोट हिमावर टेकते, पट्ट्यांवरचा भार निघून जातो आणि ते जागीच फिरत राहतात.

सारखे क्षेत्रफळ, निराळा परिणाम

आता सूत्राची खरी परीक्षा. दोन पट्टे घ्या. पहिला १ मीटर रुंद आणि २ मीटर लांब. दुसरा अर्धा मीटर रुंद आणि ४ मीटर लांब. दोन्हींचे क्षेत्रफळ २ चौ. मी. सारख्या भाराखाली दाबही सारखा. सूत्राच्या दृष्टीने दोन्ही पट्टे एकच आहेत.

हिमाच्या दृष्टीने तसे नाही. दोन्ही पट्टे साधारण सारख्याच खोलीपर्यंत जातील असे धरू. पहिला आपल्यामागे १ मीटर रुंदीची चाकोरी सोडतो, दुसरा अर्ध्या मीटरची. एक मीटर पुढे जाताना पहिल्याला जेवढे हिम दाबावे लागते, त्याच्या निम्मेच दुसऱ्याला दाबावे लागते. म्हणून त्याला होणारा विरोधही जवळजवळ निम्मा. घसरपट्ट्यांवरून जाणाऱ्यांच्या स्की लांब आणि अरुंद असतात, घसरगाडीच्या दांड्याही तशाच असतात. त्याचे एक मोठे कारण हे आहे. 'क्षेत्रफळ वाढवा' एवढेच शिकलेला विद्यार्थी पसरट ताटल्यांसारख्या स्की बनवील आणि आपण काही चुकलो असे त्याला वाटणारही नाही.

हा विचार पद्धतशीरपणे मांडणाऱ्यांत मिएचिस्लाव्ह बेकर यांचे नाव आघाडीवर आहे. पोलंडमध्ये जन्मलेल्या या अभियंत्याने कॅनडात आणि नंतर अमेरिकेत काम केले. मऊ जमिनीवरून जाणाऱ्या वाहनांच्या शास्त्रावरील त्यांचा ग्रंथ १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे चंद्रावर नेलेल्या गाडीच्या विकासातही त्यांचा वाटा होता. तेथेही प्रश्न तोच होता : गाडी किती भारी याबरोबरच खालची धूळ कशी वागते?

मग पट्टे हवे तेवढे लांब का करत नाहीत? कारण गाडीला वळायचे असते. रणगाडा किंवा आपल्या रस्त्यांवर दिसणारा पोकलेन वळताना एका बाजूचा पट्टा रोखतो किंवा मंद करतो. त्या वेळी पट्टे आडवे फरफटतात. डांबरी रस्त्यावर त्याचे ओरखडे आपण पाहतो. मऊ हिमात अशा फरफटीने पट्टा स्वतःसाठीच खड्डा खणतो आणि पट्टा जितका लांब तितकी फरफट जास्त. यावर एक उपाय म्हणजे गाडीचे दोन डबे करून ते मध्ये सांध्याने जोडणे. वळताना सांधा वाकतो आणि चारही पट्टे ओढत राहतात. स्वीडनच्या हॅग्लुंड्स कंपनीची बीव्ही-२०६ ही अशी गाडी आहे. त्याच घराण्यातील 'सिंधू' नावाचे वाहन भारतीय सैन्यासाठी गुजरातेतील हजिरा येथे बांधण्याचा करार २०२५ मध्ये जाहीर झाला.

हलकी गाडी घसरणार नाही का?

चौकस मुले विचारतात ती शंका अशी : 'दाब कमी केला, तर पकडही कमी होईल ना? मग गाडी पुढे कशी जाईल?' ही उत्तम शंका आहे. दाबाच्या पाठाआधी आपणच त्यांना घर्षण शिकवलेले असते आणि भार वाढला की घर्षण वाढते हे सांगितलेले असते. विद्यार्थी दोन पाठ जोडून पाहतो आहे. दोन गुणांच्या उत्तरात त्याला जागा नाही.

उत्तर असे आहे. हिमात पट्टा केवळ घर्षणावर चालत नाही. पट्ट्यावर आडव्या पट्ट्या किंवा दात असतात. ते हिमात घुसतात आणि दोन दातांमध्ये हिमाची एक वीट अडकते. ती वीट खालच्या हिमापासून सुटत नाही तोवर गाडीला पकड मिळते. सुटण्याला होणाऱ्या विरोधाचे दोन भाग असतात. एक भाग कण एकमेकांना चिकटल्यामुळे येतो आणि तो क्षेत्रफळाबरोबर वाढतो. दुसरा भाग कण एकमेकांवर घासल्यामुळे येतो आणि तो भाराबरोबर वाढतो. ओल्या चिकणमातीत पहिला भाग प्रबळ, कोरड्या वाळूत दुसरा. हिमात दोन्ही असतात, आणि किती प्रमाणात ते हिमाच्या वयावर आणि तापमानावर ठरते.

म्हणून पट्ट्यांचे क्षेत्रफळ वाढवण्याने दुहेरी काम होते. गाडी कमी बुडते आणि पकड घटण्याऐवजी वाढू शकते. गाडीची उरलेली ओढ किती, याचे उत्तर एका वजाबाकीत आहे :

ओढ = पकड – हिम दाबण्यातला विरोध

विषयाचे खरे सूत्र म्हणायचे तर हे. दाबाचा भागाकार या दोन्ही पदांच्या आत दडलेला आहे, पण तो त्यांची जागा घेऊ शकत नाही.

हे पाहायला हिमालयात जायला नको. जून-जुलैत मावळात किंवा मुळशीत भातखाचराची चिखलणी चालू असते. तेथे ट्रॅक्टरला लोखंडी पिंजऱ्यासारखी रुंद चाके लावलेली दिसतात. रुंदीमुळे ती कमी बुडतात आणि आडव्या पट्ट्यांमुळे चिखलाला धरतात. बैलगाडीच्या अरुंद लोखंडी धावेपासून टायरच्या गाडीपर्यंत आणि तिथून या पिंजऱ्याच्या चाकांपर्यंत आपल्याकडचा शेतकरी हाच प्रश्न सोडवत आला आहे.

दक्षिण ध्रुवाकडचे दाखले

इतिहासाकडे पाहिले तरी एका कारणाने काम भागत नाही असेच दिसते. शॅकल्टनने १९०७ ते १९०९ च्या मोहिमेत अंटार्क्टिकात चाकांची मोटार नेली. गोठलेल्या समुद्राच्या कठीण बर्फावर ती चालली, मऊ हिमात निरुपयोगी ठरली. येथे दोन गुणांचे उत्तर बरोबर लागू पडते.

स्कॉटने १९११ मध्ये पट्ट्यांच्या तीन मोटार-घसरगाड्या नेल्या. एक जहाजावरून उतरवताना बर्फ फुटून समुद्रात बुडाली. उरलेल्या दोन त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस निघाल्या आणि काही दिवसांतच सोडून द्याव्या लागल्या. 'स्कॉट यंत्रांवर विसंबला आणि ॲमंडसेन कुत्र्यांवर' असे सांगून ही गोष्ट संपवली जाते. पण पट्टे ही कल्पना तेथे फसली नव्हती. निकामी झाली ती इंजिने. हवेने थंड होणारी ती इंजिने कडाक्याच्या थंडीतही जास्त तापत होती, कारण मंद वेगाने मोठा भार ओढताना त्यांना सतत पूर्ण ताकद लावावी लागे. हिम दाबण्यातला विरोध येथे पट्ट्याला नव्हे, इंजिनाला भोवला.

एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचले ते फर्ग्युसनच्या शेतीच्या ट्रॅक्टरांतून. चाकांवरून पट्टे चढवलेले तीन साधे ट्रॅक्टर! मऊ हिम लागल्यावर त्यांना सामान टाकून ओझे हलके करावे लागले. त्याच मोहिमेत व्हिव्हियन फुक्स यांच्या तुकडीने चार-चार पट्ट्यांच्या स्नो-कॅट गाड्या घेऊन ९९ दिवसांत सारे खंड ओलांडले. त्यांच्या गाड्या अनेकदा हिमाने झाकलेल्या भेगांत अडकल्या. भेगेवरचा हिमाचा पूल पेलणार की नाही हे दाबाबरोबर पुलाच्या जाडीवर ठरते. तो कोसळलाच तर गाडीची लांबी उपयोगी पडते.

भारताचा संबंध याहून जवळचा आहे. आपली पहिली अंटार्क्टिक मोहीम १९८१ मध्ये गोव्याहून निघाली. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत पुणे विद्यापीठाच्या पदवीधर अदिती पंत होत्या. त्या आणि सुदीप्ता सेनगुप्ता या तेथे जाणाऱ्या पहिल्या भारतीय महिला शास्त्रज्ञ. १९८९ पासून 'मैत्री' हे स्थानक शिर्माखेर येथील खडकाळ भूमीवर उभे आहे. जहाज लागते ती हिमफळीची कड तेथून सुमारे १०० किलोमीटर दूर. इंधन आणि सामान पिस्टन बुली या जर्मन बनावटीच्या पट्टेवाल्या गाड्या वाहून नेतात. लक्षात घेण्याची गोष्ट ही, की बरेचसे ओझे गाडीवर नसते, मागे जोडलेल्या घसरगाड्यांवर असते. ओझे पाठीवर घेतले तर गाडी बुडेल. ओढले तर पट्ट्यांचे काम पकड धरण्याचे उरते आणि भार लांब अरुंद दांड्यांवर जातो. वरच्या वजाबाकीचा हा रोजचा वापर आहे.

वर्गात काय करता येईल?

काही शिक्षक म्हणतील, हे सगळे आठवी-नववीला झेपणार आहे का? बेकर यांची समीकरणे झेपणार नाहीत, ती द्यायचीही नाहीत. पण निरीक्षण झेपते. खर्च नगण्य आहे.

पसरट ट्रेमध्ये पाच-सहा सें.मी. जाडीचा थर होईल असा मैदा चाळून घ्या. चाळलेला मैदा भुसभुशीत असतो आणि दाबल्यावर घट्ट होतो, म्हणून हिमाच्या जागी तो चालतो. २० × ५ सें.मी. आणि १० × १० सें.मी. अशा दोन फळ्या घ्या. दोन्हींचे क्षेत्रफळ सारखे. पुढची कड थोडी वर वळलेली किंवा तासलेली असावी. दोन्हींवर एकेक किलोचे वजन ठेवा आणि किती खोल गेल्या ते मोजा. मग ताणकाट्याने हळूहळू ओढा. लांब फळी लांबीच्या दिशेने. काट्यावरचे आकडे टिपा, चाकोरीची रुंदी आणि खोली मोजा. आकडे अगदी काटेकोर येणार नाहीत. दर वेळी मैदा पुन्हा चाळून घ्यावा आणि तीन वेळा करून सरासरी काढावी.

दुसरा प्रयोग पकडीचा. फळीखाली आगकाड्या आडव्या चिकटवा आणि ती ओल्या शाडूवर ठेवून सरकू लागेपर्यंत ओढा. वजन दुप्पट करून पुन्हा ओढा. हेच कोरड्या वाळूवर करा. वजन दुप्पट केल्यावर काट्यावरचा आकडा कुठे जवळजवळ दुप्पट होतो आणि कुठे होत नाही, हे मुलांनाच शोधू द्या. गणपतीच्या दिवसांत पुण्यात शाडूला तोटा नसतो.

आणि प्रश्नपत्रिकेत? जुना प्रश्न काढून टाकण्याची गरज नाही. त्याला एक जोड द्यावी : 'सारखेच पट्टे असलेला रणगाडा कोरड्या शेतातून जातो आणि पाणी सोडलेल्या शेतात रुतला. दोन्ही वेळी दाब किती होता? मग फरक कशामुळे पडला?' या प्रश्नाचे उत्तर पाठ करून येत नाही. 'जमीन बदलली' एवढे जरी विद्यार्थ्याने लिहिले, तरी त्याने सूत्राच्या बाहेर पाहिले असे समजून त्याला गुण द्यावेत. 'गाडी हलकी केली तर घसरणार नाही का?' असे विचारणाऱ्याला तर त्या तासाला गप्प करू नये. त्याची शंका फळ्यावर लिहावी आणि शाडूचा ट्रे पुढे ठेवावा.